मुलींच्या एचपीव्ही लसीबद्दल पालकांशी बोलताना: नव्या कार्यकर्त्यांसाठी एकेक पायरी

तुम्ही नुकत्याच आशाताई झाला असाल, शाळेत सातवी-आठवीचा वर्ग तुमच्याकडे असेल, किंवा बचतगटाच्या बैठकीत ‘त्या कॅन्सरच्या लसीचं जरा समजावून सांगा’ असं तुमच्यावर सोपवलं गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात पालकांशी या विषयावर बोलत मी बराच काळ काढला आहे. पालकांना लसीची धास्ती असतेच, पण त्याहून मोठी धास्ती असते ती आपल्याला न विचारता, न सांगता आपल्या लेकीला काहीतरी टोचलं जाईल याची. ही दुसरी धास्ती आपण घालवू शकतो. ती गेली की पहिलीवर बोलता येतं.

पायरी १: आधी स्वतः नीट समजून घ्या

सभेत अर्धवट माहिती घेऊन उभं राहू नका. कुणीतरी मोबाइलवर बघून उलटा प्रश्न विचारतं आणि मग सगळी सभा हातची जाते. पुढचं तरी तोंडपाठ हवं.

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. शरीरसंबंध सुरू झाल्यावर बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी याचा संसर्ग होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. कुणाला पत्ताही लागत नाही. काही बायकांच्या शरीरात मात्र यातले धोक्याचे प्रकार ठाण मांडून बसतात. तिथून गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी हळूहळू बिघडत जातात आणि साधारण पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. एचआयव्हीमुळे किंवा इतर कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्याहूनही लवकर. जगभरातल्या या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एकट्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. हा विषाणू आणि हा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

भारतात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरच्या सव्वा लाखाहून जास्त नव्या रुग्ण आढळल्याचा आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. दर सहा-सात मिनिटांना एक बाई जाते, असा त्याचा हिशेब होतो. यातल्या बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या असतात. घर ज्यांच्यावर चाललेलं असतं, त्या वयाच्या.

आता लस. भुईमुगाची शेंग फोडल्यावर आत दाणाच नसावा, नुसतं टरफल, तसं या लसीत विषाणूचं फक्त बाहेरचं प्रथिनाचं कवच असतं. आतला जनुकीय ऐवज नसतो, त्यामुळे लसीतून संसर्ग होऊच शकत नाही. शरीर ते कवच ओळखायला शिकतं आणि पुढे खरा विषाणू आला की त्याला थोपवतं. जगात ही लस २००६ पासून वापरात आहे आणि १४० हून जास्त देशांनी ती आपल्या राष्ट्रीय लसीकरणात घेतली आहे. भारतात चार प्रकारांवर चालणारी गार्डासिल, नऊ प्रकारांवर चालणारी गार्डासिल ९ आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही नावं तुमच्या कानावर येतील. सर्व्हाव्हॅकला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तीही चार प्रकारांवर (६, ११, १६ आणि १८) चालते आणि ९ ते २६ वर्षांच्या मुली आणि मुलगे दोघांनाही देता येते. १६ आणि १८ हे दोन प्रकार तिन्ही लसींत आहेत, त्यामुळे ‘भारी लस कुठली’ या वादात फार वेळ घालवू नका. वेळेत मिळेल ती घ्यावी.

डोसांचा हिशेब पालकांना गोंधळात टाकतो. ९ ते १४ वयात सुरू केली तर दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ पूर्ण झाल्यावर सुरू केली तर तीन: पहिला, मग दोन महिन्यांनी, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. ही जुनी, खासगी दवाखान्यात अजून पाळली जाणारी पद्धत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एक डोसही पुरेसा मानता येईल असं सांगितलं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलींना मात्र एक डोस पुरत नाही. त्यांना किमान दोन, शक्यतो तीन द्यावेत.

एका डोसच्या या निर्णयामागे आपल्या भागातल्या मुली आहेत. हे सभेत जरूर सांगा. २००९ मध्ये बार्शी, पुणे आणि देशातल्या इतर केंद्रांवर दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला होता. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं (का, ते पायरी ५ मध्ये येईल) आणि अनेक मुलींचे डोस अर्धवट राहिले. जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही. पुढे दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले: १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलं होतं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचं नाव घेतलं की आमच्या भागातले लोक सावरून बसतात. ते रुग्णालय त्यांनी पाहिलेलं असतं, बहुतेकांच्या घरातलं कुणीतरी तिथे नेलेलं असतं.

पायरी २: आरोग्य केंद्रातून लेखी माहिती आणा

सभा ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि या गोष्टी लिहून घ्या: आपल्या केंद्रात ही लस मोफत मिळते का, कोणत्या वयाच्या मुलींना, कोणत्या वारी, किती डोस, कोणती लस, आणि काही त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. मोफत लस ज्यांना वयामुळे मिळणार नाही, त्यांच्यासाठी जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडचा किंवा रुग्णालयातला आजचा दर विचारून ठेवा. नऊ प्रकारांची लस बाकीच्यांपेक्षा कितीतरी महाग पडते. ‘साधारण इतके’ असं ऐकीव सांगू नका. आईने पै-पै जमवून दवाखान्यात जावं आणि तिथे दुप्पट आकडा ऐकावा, असं होता कामा नये.

पायरी ३: घरात ‘हो’ कोण म्हणतं ते बघा

शाळेतल्या सभेला आई येते. ती मान डोलावते, फॉर्म घेऊन घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म कोराच परत येतो. कारण घरी आज्जी म्हणते, ‘आमच्या वेळी कुठं होत्या असल्या लसी?’ किंवा वडील म्हणतात, ‘आपल्याला नको भानगड.’ आईची समजूत पटली म्हणजे घराची पटली असं धरू नका.

म्हणून वडिलांची वेगळी सभा घ्या, तीही त्यांच्या सोयीने: संध्याकाळी, पारावर किंवा दूध संकलन केंद्राजवळ. वडिलांशी बोलायला शक्यतो डॉक्टर किंवा गावातला एखादा पुरुष शिक्षक बरोबर घ्या. पुष्कळ वडिलांना हा ‘बायकांचा विषय’ वाटतो आणि तुमच्यासमोर ते प्रश्नच विचारत नाहीत. आज्जीसाठी मात्र सभा उपयोगाची नाही. तिच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं. चहा घ्यावा, तिचं ऐकावं. तिने तिच्या आयुष्यात ‘अंगावरून जाऊन जाऊन’ गेलेली एखादी जाऊ, नणंद, शेजारीण पाहिलेली असतेच. ती गोष्ट तिनेच सांगितली की पुढचं बोलणं सोपं होतं, आणि पुष्कळदा तीच सुनेला म्हणते, ‘घे पोरीला लस.’

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं वेगळं गणित लक्षात ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुली मागे आजी-आजोबांकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. या काळात घाईने आजोबांचा अंगठा घेऊन लस टोचू नका. पावसाळ्यात, आईवडील गावात असताना या घरांना आधी भेटा. तेवढ्यात नाहीच जमलं तर फोनवर आईशी आणि वडिलांशी, दोघांशी, सविस्तर बोला आणि संमती कुणाची, कशी घ्यायची हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारूनच पुढे जा.

पायरी ४: सभेची सुरुवात

सुरुवात विषाणूने करू नका, कॅन्सरने करा. ‘गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कुणाच्या ओळखीत कुणाला झालाय का?’ एवढं विचारा आणि थांबा. हात वर येतात. कुणी बोलत नाही, पण येतात. मग सांगा की बहुतेक कॅन्सरवर लस नाही, या कॅन्सरवर आहे. सभेला आलेल्या माणसाला घरी जाऊन हे एक वाक्य सांगता आलं तरी खूप झालं.

घाबरवणारे फोटो दाखवू नका. रक्ताळलेले, सुजलेले फोटो बघून बायका उठून जातात आणि घरी सांगतात, ‘काहीतरी घाणेरडं दाखवत होते.’ वीस मिनिटांत तुमचं बोलणं संपवा, त्याच्या दुप्पट वेळ प्रश्नांना ठेवा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा. खरे प्रश्न त्या डब्यात सापडतात.

पायरी ५: प्रश्न, आणि त्यांची उत्तरं

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. प्रश्न विचारणारा पालक विरोधक नसतो. तो निदान तुमच्याशी बोलतो आहे.

‘ताई, पोरगी अजून लहान आहे. लग्नाचं वय झालं की बघू.’ हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. उत्तर असं: लस झालेला संसर्ग घालवत नाही, न झालेला टाळते. म्हणून ती विषाणूची गाठ पडायच्या कितीतरी आधी घ्यायची. शिवाय ९ ते १४ या वयात शरीर लसीला जास्त चांगला प्रतिसाद देतं, म्हणून या वयात डोसही कमी लागतात. लग्न ठरेपर्यंत थांबलं तर तीन डोस, जास्त पैसे आणि कमी फायदा. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर एकीलाही झालेला नाही, असं २०२४ मध्ये तिथल्या नोंदींवरून दिसलं. इंग्लंडमध्ये त्याच वयात लस मिळालेल्या मुलींमध्ये पुढे हा कॅन्सर सुमारे ८७ टक्क्यांनी कमी झाला.

‘हा रोग होतो कसा?’ इथे पुष्कळ नव्या कार्यकर्त्या अडखळतात आणि ‘अस्वच्छतेमुळे’ असं काहीतरी सांगून मोकळ्या होतात. तसं करू नका. ते खोटं आहे, आणि खोटं उघडं पडलं की तुमच्या बाकीच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय त्याने कॅन्सर झालेल्या बाईवर अस्वच्छतेचा ठपका बसतो. शांतपणे सांगा: हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, आणि त्यात लग्नानंतरचा नवरा-बायकोचा संबंधही आला. आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही हा संसर्ग होऊ शकतो. यात तिच्या वागण्याचा काही संबंध नाही.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो, कधी उघड, कधी चिठ्ठीतून: ‘अशी लस दिली तर मुलीला वाटेल की आता काही केलं तरी चालतं.’ रागावू नका. आईबापाच्या काळजीतून आलेला प्रश्न आहे. त्यांना विचारा, बाळ जन्मल्यावर २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस देतात ना? तो विषाणूही रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. तान्ह्या बाळाला ती टोचताना आपल्या मनात असलं काही आलं होतं का? परदेशात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींची तुलना करून हे तपासलंही आहे. वागण्यात फरक आढळला नाही.

‘पुढे मूल होणार नाही.’ २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात शाळाशाळांत गोवर-रुबेला लसीकरण झालं, तेव्हाही हीच अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. एचपीव्ही लसीमुळे वंध्यत्व येतं याला कुठलाही पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने कोट्यवधी डोसांची माहिती तपासून हा संबंध नसल्याचं सांगितलं आहे. उलट कॅन्सर झाला की पुष्कळदा पिशवी काढावी लागते, किंवा शेक (किरणोपचार) द्यावे लागतात, आणि मूल होण्याची आशा तिथे संपते. पिशवी काढण्याचं दुःख आमच्या भागातल्या घराघरांत माहीत आहे, त्यामुळे हे सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

‘आमच्या पोरींवर प्रयोग करताय का? मागे मुली मेल्या होत्या ना?’ हे विचारणारा माणूस बातमी वाचणारा असतो. त्याला झटकू नका. झालं होतं ते सांगा. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात २० हजारांहून जास्त मुलींना पथदर्शी प्रकल्पात ही लस दिली गेली. त्यानंतरच्या काळात त्यातल्या सात मुलींचा मृत्यू झाला आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत बहुतेक मृत्यूंची कारणं निघाली ती बुडणं, साप चावणं, कीटकनाशक पिणं, मलेरिया अशी, लसीशी संबंध नसलेली. पण त्याच चौकशीत आणि २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात दुसरी गोष्टही पुढे आली: कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईवडिलांची सही नव्हतीच, वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या ठोकल्या होत्या. त्यातल्या अनेक मुली आदिवासी घरांतल्या होत्या. तो अन्याय होता आणि तसं आपण स्पष्ट म्हणावं. दोन्ही बाजू सांगितल्या की समोरचा माणूस तुमचं पुढचं ऐकतो.

‘करोनाच्या लसीसारखं काही होईल.’ हा प्रश्न आता सगळीकडे येतो. करोनाच्या लसी घाईच्या काळात आल्या. ही लस २००६ पासून जगभर दिली जाते आहे आणि तिची बनावटही वेगळी आहे, नुसतं प्रथिनाचं कवच. एवढं उत्तर पुरे. करोनाच्या लसीवरच्या वादात शिरू नका, तासभर निघून जाईल.

‘मुलग्यांना का नाही?’ चांगला प्रश्न आहे. हाच विषाणू पुरुषांमध्ये घशाचा, गुदद्वाराचा आणि लिंगाचा कॅन्सर करू शकतो. ६ आणि ११ हे प्रकार दोघांमध्येही गुप्तांगावर चामखिळी आणतात. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींपासून सुरुवात केली आणि २०१३ पासून मुलग्यांनाही लस दिली. आपल्याकडे परवडत असेल त्यांनी मुलालाही जरूर द्यावी. सरकारी लस मुलींना आधी देतात कारण या विषाणूचे सर्वांत जास्त बळी बायका आहेत.

आणि ‘आमच्या मोठीचं लग्न झालंय, आता काय?’ २६ वर्षांपर्यंत लस घेता येते. फायदा कमी होतो, पण संपत नाही, कारण सगळे प्रकार एकदम गाठत नाहीत. त्याहून मोठ्या बाईने डॉक्टरांना विचारून ठरवावं. गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत थांबावं.

पायरी ६: मुलीला सांगा

हे आश्चर्यकारकरीत्या विसरलं जातं. आईवडील, आज्जी, सरपंच, सगळ्यांशी बोलणं होतं आणि जिला टोचायचं तिला रांगेत उभं केल्यावरच कळतं. बारा वर्षांच्या मुलीला पुरेल एवढं सांगा: मोठेपणी होणारा एक कॅन्सर टाळण्यासाठी दंडावर एक सुई, दोन दिवस हात दुखेल, पाळी सुरू असो वा नसो काही फरक पडत नाही. ती प्रश्न विचारील, विचारू द्या. तिला खूप भीती वाटत असेल तर तेही आधी कळलेलं बरं, त्या दिवशी तिला आधी घेता येतं.

पायरी ७: संमतीपत्र

संमतीपत्र मराठीत हवं आणि पालकाला वाचून दाखवलेलं हवं, मग तो शिकलेला असो वा नसो. सही सभेतच मागू नका. फॉर्म घरी जाऊ द्या, निदान दोन रात्री राहू द्या. शिक्षकांनी वर्गात ‘उद्या सगळ्यांनी सह्या आणा’ असं फर्मान काढायचं नाही, आणि फॉर्म न आणलेल्या मुलीचं नाव सगळ्यांसमोर वाचायचं नाही. खम्ममची गोष्ट वाचल्यावर हे वेगळं सांगायला नको. वॉर्डन, मुख्याध्यापक, तुम्ही किंवा मी, कुणाचीही सही आईवडिलांच्या सहीच्या जागी चालत नाही.

फॉर्मवर नसले तरी दोन प्रश्न तोंडी विचारा: आधीच्या एखाद्या लसीने कधी मोठी ॲलर्जी, श्वास लागणं, अंग सुजणं असं झालं होतं का? आणि मुलीला दुसरा काही मोठा आजार किंवा चालू औषध आहे का? उत्तर ‘हो’ आलं तर ते डॉक्टरांपर्यंत पोचवा, तुम्ही निर्णय घेऊ नका. यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर या लसी देत नाहीत, तेही डॉक्टर बघतील.

पायरी ८: लसीचा दिवस

मुली उपाशी येता कामा नयेत. सकाळची शाळा असेल तर आदल्या दिवशी पालकांना निरोप द्या की पोटभर खाऊन पाठवा. या वयात सुईच्या भीतीने चक्कर येणं फार सामान्य आहे आणि एकीला आली की पाठोपाठ चार जणींना येते. मग बाहेर बातमी जाते ती ‘लसीने मुली बेशुद्ध पडल्या’ अशी. जपानमध्ये २०१३ मध्ये लसीनंतरच्या तक्रारींच्या बातम्यांनंतर सरकारने शिफारस थांबवली आणि सुमारे ७० टक्क्यांवर असलेलं लसीकरण पुढच्या मुलींमध्ये एक टक्क्याच्याही खाली गेलं. शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या वर्षांतल्या बहुतेक मुलींना लस वेळेत मिळालीच नाही.

म्हणून: बसवून किंवा आडवं करून टोचायचं. टोचण्याची जागा बाकीच्या मुलींना दिसणार नाही अशी आडोशाला ठेवायची. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवायचं, पाणी द्यायचं, गप्पा मारायच्या. सतरंजी अंथरून ठेवा. कुणाला भोवळ आलीच तर आडवं झोपवून पाय थोडे उंच करा, बहुतेक वेळा काही मिनिटांत ती उठून बसते. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला तर वाट बघू नका, तिथल्या नर्सताईंना आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. त्यांच्याकडे त्यासाठीचं औषध असतं.

साधी सर्दी असेल तर लस चालते. चांगला ताप असेल तर पुढच्या खेपेला.

घरी पाठवताना सांगा: हात दुखेल, जागा लाल होईल, थोडा ताप, डोकेदुखी, मळमळ होऊ शकते, एक-दोन दिवसांत जातं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी फोन करा किंवा चक्कर मारा. हा फोन कुठल्या कागदावर मोजला जात नाही, पण पुढच्या वर्षीच्या सभेला किती पालक येतील ते त्यावर ठरतं. काही वेगळा त्रास कळला तर तो झाकू नका, आरोग्य केंद्रात नोंदवा. लसीशी संबंध आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

लसीची नोंद असलेलं कार्ड रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगा, मोबाइलमध्ये फोटो काढून द्या. दुसरा डोस असेल तर तारीख तिथेच मोठ्या अक्षरांत लिहा.

पायरी ९: जे ‘नाही’ म्हणतात

काही घरं नाही म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या मुलीला वेगळं वागवू नका. ‘काही हरकत नाही काकू, नंतर वाटलं तर मला सांगा’ असं म्हणून या. नकाराचं कारण तुमच्या वहीत लिहा: कुणाच्या सांगण्यावरून, कुठली अफवा. पाच घरांचं कारण एकच निघालं तर त्या एका माणसाशी बोलायचं काम उरतं. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून मोहीम राबवली तेव्हा ९५ टक्क्यांहून जास्त मुलींना लस मिळाली. आधी पालकांशी, शिक्षकांशी, पत्रकारांशी भरपूर बोलणं झालं होतं. तेवढा वेळ आपल्यालाही द्यावा लागेल.

पहिल्या वर्षी नाही म्हणालेली आई शेजारच्या चार मुली ठणठणीत बघून दुसऱ्या वर्षी स्वतःहून येते. वय निघून गेलेलं नसतं, फक्त तेव्हा मोफत मिळेल की विकत घ्यावी लागेल हे आधी बघून सांगा.

पायरी १०: आईची तपासणी

लेकीला घेऊन आलेल्या आईला एक प्रश्न विचारल्याशिवाय जाऊ देऊ नका: ‘ताई, तुमची तपासणी झाली का?’ लस मुलीचा पुढच्या आयुष्यातला धोका टाळण्यासाठी आहे. आज धोका आहे तो आईला, आणि तिशी ओलांडलेल्या बाईला लसीपेक्षा तपासणीचा उपयोग जास्त. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी असते. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, बिघडलेला भाग एक-दोन मिनिटांत पांढरा दिसतो, तिथल्या तिथे कळतं. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये हीच तपासणी डॉक्टर नसलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांकडून करून घेतली आणि त्या वस्त्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

आमच्या धाराशिवचा, तेव्हाच्या उस्मानाबादचा, अभ्यास तर जगभर सांगितला जातो. जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. बार्शीच्या पथकांनी गावोगाव जाऊन काम केलं. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. चाचणी कुठे मिळते ते जिल्हा रुग्णालयात विचारा. मिळत नसेल तर ॲसिडची तपासणी तरी करवून घ्या.

लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर ही तपासणी लागणारच आहे, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. हे त्यांच्या कार्डावर आताच लिहून द्या. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पांढरं जाणं, यातलं काहीही कुठल्याही बाईने सांगितलं तर तपासणीच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात तिला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ‘संकोच वाटतो’ म्हणाली तर तिच्याबरोबर आत जाऊन उभ्या राहा.